कोरेगावच्या लढाईत पेशव्यांकडून लढलेले अरब आले कुठून आणि गेले कुठे?

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की लोणीकंदनंतर पेरणे फाटा येतो. तिथे जयस्तंभ आहे. पुढे भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका सुरू होतो आणि पहिलंच मोठं गाव लागतं कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली ती याच गावाच्या गल्ल्यांमध्ये.

दरवर्षी १ जानेवारीला इथे लाखो लोक येतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतल्या महार सैनिकांना अभिवादन करायला ही गर्दी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला इथे आले होते. या लढाईवर सोशल मीडियावर वर्षभर वाद चालतात. लढाई नेमकी कोण जिंकलं, पेशव्यांची फौज किती होती, ती जातीविरुद्धची लढाई होती का, अशा प्रश्नांवर हजारो पोस्ट सापडतील.

या सगळ्यात एक गट मात्र एका शब्दात उरकला जातो. "पेशव्यांच्या अरबांनी हल्ला केला." बस्स, विषय संपला. हे अरब म्हणजे कोण, पुण्याजवळच्या एका खेड्यात ते काय करत होते, आणि जे तिथे मेले त्यांचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर त्या दिवशी कोरेगावात सगळ्यात लांबून आलेल्या माणसांमध्ये ते होते.

शिरूरला छावणी का होती?

सुरुवात शिरूरपासून करावी लागेल, कारण त्या रात्री फौज निघाली ती शिरूरहून.

३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. या तहानुसार पेशव्यांच्या 'संरक्षणासाठी' कंपनीची तैनाती फौज ठेवायची आणि तिचा खर्च पेशव्यांनी द्यायचा असं ठरलं. या फौजेचा मुख्य तळ पडला घोड नदीच्या काठी, शिरूरला. जुनी माणसं आजही शिरूरला घोडनदी म्हणतात. जागा विचार करून निवडलेली होती. पुणे आणि अहमदनगर या दोन्ही ठिकाणांच्या मधला रस्ता हातात राहतो आणि कुठेही चटकन फौज पाठवता येते.

१८१७ च्या जूनमध्ये झालेल्या दुसऱ्या तहात बाजीरावाच्या पैशातून आणखी एक घोडदळ उभं करायचं ठरलं. पुणे ऑक्झिलरी हॉर्स असं त्याचं नाव. आज भारतीय लष्करात 'पूना हॉर्स' नावाची जी नामांकित रेजिमेंट आहे, तिचं मूळ हेच. म्हणजे कोरेगावला पेशव्यांच्या विरोधात जे घोडेस्वार लढले, त्यांच्या पगाराची सोय पेशव्यांच्याच खजिन्यातून झाली होती. असले प्रकार त्या काळात बरेच सापडतात.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हातात गेलं आणि बाजीराव फौजेसह बाहेर पडला. आधी दक्षिणेकडे, मग वळसा घालून जुन्नरच्या बाजूला. डिसेंबरच्या शेवटी तो पुन्हा पुण्याकडे सरकतोय अशी बातमी आली. पुण्यात कर्नल बर याच्याकडे माणसं कमी होती. त्याने शिरूरला निरोप धाडला की मदत पाठवा.

रात्रभर चाल, सकाळी समोर फौज

३१ डिसेंबरला रात्री आठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला. सोबत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे साधारण ५०० शिपाई. शिवाय ऑक्झिलरी हॉर्सचे अडीचशे ते तीनशे स्वार आणि दोन तोफा. या तोफांवर मद्रास आर्टिलरीचे दोन डझन युरोपियन गोलंदाज होते. सगळे मिळून ८३४ माणसं. त्यात गोरे मोजले तर तीस-पस्तीसच्या घरात. बाकी सगळे इथले.

सत्तावीस मैल, म्हणजे त्रेचाळीसेक किलोमीटर चालून सकाळी दहाच्या सुमारास ही तुकडी कोरेगावच्या वरच्या उंचवट्यावर पोचली. नदीच्या पलीकडे पेशव्यांची सगळी फौज उभी होती. इंग्रजी नोंदी घोडदळाचा आकडा पंचवीस हजार सांगतात. हा अंदाज शत्रूकडून आलेला आहे आणि शत्रूची फौज मोठी सांगण्यात जिंकणाऱ्याचा फायदा असतो, हे लक्षात ठेवून तो वाचावा. फौज खूप मोठी होती, याबद्दल मात्र वाद नाही.

स्टाँटनने थेट गावात शिरून घरांचा आणि भिंतींचा आसरा घेतला. घोडदळ गल्लीबोळात चालत नाही. त्यामुळे पेशव्यांकडून पायदळ पुढे काढण्यात आलं. निवडक माणसांच्या प्रत्येकी सहाशेच्या तीन तुकड्या नदी ओलांडून गावात घुसल्या. त्यात अरब होते, गोसावी होते आणि कवायती शिपाई होते. या तुकड्यांमागे बापू गोखले आणि त्र्यंबकजी डेंगळे यांचं नियोजन होतं. स्वतः बाजीराव काही अंतरावरच्या उंचवट्यावरून लढाई बघत होता. त्याच्या छावणीत साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंहही होते.

गोसाव्यांबद्दलही थोडं सांगायला हवं. हे शस्त्रधारी साधूंचे आखाडे मुळात उत्तर हिंदुस्थानातले. अठराव्या शतकात अनेक राजे त्यांना पगारावर ठेवत. म्हणजे पेशव्यांच्या या तीन तुकड्यांपैकी किमान दोन तुकड्यांची मुळं महाराष्ट्राबाहेरची होती.

तोफेभोवतीचा दिवस

त्या दिवसाची सगळ्यात तपशीलवार हकीकत जेम्स ग्रँट डफच्या १८२६ मधल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. डफ स्वतः मुंबई फौजेतला अधिकारी. त्यामुळे त्याची सहानुभूती कुठे आहे हे उघड आहे. तरीही अरबांच्या धाडसाबद्दल त्याने लिहून ठेवलंय.

कंपनीच्या माणसांची पहिली अडचण होती पाणी. रात्रभर चालून आलेली, खायला काही नाही, आणि नदी समोर दिसत असताना तिच्याकडे जायचा रस्ता पेशव्यांच्या फौजेने तोडलेला. दुपारपर्यंत माणसं तहानेने कासावीस झाली.

लढाईचा सगळा जोर दोन तोफांवर होता. अरबांनी त्यातल्या एका तोफेवर झडप घातली आणि ती ताब्यात घेतली. तोफखान्याचा अधिकारी लेफ्टनंट चिझम तिथेच मारला गेला आणि त्याचं डोकं कापलं गेलं.

इथे थॉमस पॅटिन्सन येतो. हा बटालियनचा अ‍ॅडज्युटंट. डफने त्याची उंची सहा फूट सात इंच दिली आहे. अंगात गोळी घुसून तो आधीच पडलेला होता. तोफ गेल्याचं कानावर येताच तो उठला, बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने अरबांना झोडपत त्यांच्यात घुसला. त्याच्यामागे शिपाई गेले. दुसरी गोळी लागून तो पुन्हा पडला, पण तोफ परत मिळाली. तिच्याभोवती अरबांची प्रेतं एकमेकांवर पडलेली होती आणि त्या ढिगात चिझमचं डोकं नसलेलं धड सापडलं.

काही गोलंदाज तोवर शरण जायची भाषा बोलायला लागले होते. स्टाँटनने त्यांना चिझमचं प्रेत दाखवलं. हाती सापडलात तर तुमचंही असंच होईल, असा त्याचा अर्थ होता. शरणागतीचा विषय तिथेच संपला. युद्धातला प्रचार कसा चालतो याचं याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण आहे.

गावातल्या एका धर्मशाळेत जखमींना ठेवलं होतं. अरबांनी ती जागाही घेतली. तिथे असिस्टंट सर्जन विंगेट मारला गेला. कंपनीच्या शिपायांनी पुन्हा हल्ला करून जागा सोडवली तेव्हा आत सापडलेल्या हल्लेखोरांना संगिनींनी मारलं. कुणाला जिवंत धरायचा प्रश्न दोन्ही बाजूंना उरला नव्हता.

रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला आणि कंपनीच्या माणसांना पाणी मिळालं. इंग्रजांची मोठी फौज मागून येत होती, त्यामुळे बाजीराव दक्षिणेकडे निघून गेला. स्टाँटन पुण्याकडे न जाता जखमींना घेऊन पुन्हा शिरूरला परतला. ३ जानेवारीला सकाळी ही तुकडी छावणीत पोचली.

८३४ पैकी २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता होते. तोफखान्याच्या २६ जणांपैकी १२ मेले, ८ जखमी झाले. पॅटिन्सनने शिरूर गाठलं आणि तिथेच जीव सोडला. आपली पलटण हरली आहे असाच त्याचा शेवटपर्यंत समज होता, असं डफ लिहितो.

पेशव्यांच्या बाजूचा आकडा पाच-सहाशेच्या आसपास सांगितला जातो. त्यात अरब किती, हे वेगळं मोजलेलं नाही.

अरब इथे आले कसे?

आता मुख्य प्रश्न. या अरबांपैकी बहुतेकांचं मूळ आजच्या येमेनच्या दक्षिण भागात होतं. त्या प्रदेशाचं नाव हद्रमौत. कोरड्या डोंगररांगा, मधून एक लांब दरी, त्या दरीत खजुराच्या बागा आणि शिबाम, तरीम अशी मातीच्या उंच घरांची गावं. पाऊस कमी, शेती थोडी आणि टोळ्यांची आपसात भांडणं कायम. त्यामुळे तिथला तरुण बाहेर पडायचा. कुणी जावा बेटांकडे व्यापाराला गेला, कुणी पूर्व आफ्रिकेत गेला आणि लढणारे हिंदुस्थानात आले. शेजारच्या याफा भागातूनही माणसं आली.

समुद्राची वाट जुनीच होती. वाऱ्यांचा हंगाम साधून गलबतं अरबस्तानातून गुजरात आणि कोकणच्या बंदरांना लागत. याच वाटेने घोडेही येत. दख्खनच्या फौजांना अरबी घोड्यांची कायम गरज असायची. शिरूरच्या शेजारच्या दौंड आणि बारामती भागात, म्हणजे जुन्या भीमथडी तालुक्यात, जी प्रसिद्ध भीमथडी तट्टं तयार झाली ती देशी घोडी आणि बाहेरून आलेले अरबी-इराणी घोडे यांच्या संकरातून. मराठी घोडदळाचं कौतुक करताना आपण भीमथडीच्या तट्टांचं नाव अभिमानाने घेतो. त्यांच्या रक्तात अरबस्तान आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

अरब शिपायाची ख्याती होती किल्ला किंवा गढी सांभाळण्याची. लांब नळीची तोड्याची बंदूक, कमरेला वाकडा जंबिया, आणि एकदा जागा धरली की न सोडण्याचा हट्ट. उत्तर पेशवाईत त्यांचा पगार इथल्या पायदळ शिपायाच्या दुपटीहून अधिक असायचा. स्थानिक शिपाई कमी पगारात आणि बाहेरचा जास्त पगारात, यावर इतिहासकारांनी पुढे बरीच टीका केली. पण राजांच्या बाजूने त्यात एक हिशेब होता. अरबाला इथे वतन नाही, भाऊबंद नाहीत, गावकीचं राजकारण नाही. दरबारातल्या भांडणात तो पगार देणाऱ्याच्याच बाजूला राहणार.

ही भरती व्हायची जमादारामार्फत. जमादार म्हणजे टोळीचा म्होरक्या. सरकारचा करार त्याच्याशी. तो इतकी माणसं आणणार, सरकार त्याला इतके पैसे देणार, आणि तो आपल्या माणसांना वाटणार. गावाकडचा भाचा, पुतण्या, टोळीतला पोरगा असे लोक त्याच्या मागून यायचे. आज आखाती देशांत मजूर पाठवणारे मुकादम आणि एजंट आठवून बघा. पद्धत फार वेगळी नाही, फक्त माणसांचा प्रवास तेव्हा उलट्या दिशेने होता.

पगार थकला की मात्र हेच अरब मालकाला भारी पडायचे. बडोद्याला गायकवाडांच्या कर्जांना अरब जमादार जामीन राहत आणि पैसे मिळेपर्यंत शहर सोडत नसत. १८०२ मध्ये त्यांना बडोद्यातून काढायला इंग्रजांना वेढा घालावा लागला. नागपूरला भोसल्यांच्या नोकरीतले अरब नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत पुढे होते. राजाने शरणागती पत्करल्यावरही त्यांनी राजवाडा सोडला नाही. डिसेंबरअखेर अटी मान्य झाल्या तेव्हा ते बाहेर पडले ते बायकामुलं आणि सामानासह. म्हणजे यांचे संसार इथेच मांडलेले होते.

त्यांना 'भाडोत्री' म्हणून बाजूला टाकणं सोपं आहे. पण कोरेगावात त्या दिवशी दोन्ही बाजूंना पगाराशिवाय लढणारं जवळपास कुणीच नव्हतं. ब्रिटनमधून येऊन मद्रासला भरती झालेला गोलंदाज, कोकणातून किंवा देशावरून कंपनीच्या पलटणीत शिरलेला शिपाई आणि हद्रमौतचा बंदूकवाला, तिघेही महिन्याच्या पैशासाठी घर सोडून आलेले होते. फरक पडला तो मेल्यावर.

कुणाचं नाव राहिलं?

कंपनीचा कारभार वह्यांवर चालायचा. प्रत्येक शिपायाचं नाव पटावर, पगार त्याच्या नावावर, मेला तर त्याची नोंद. त्यामुळे १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला भीमेच्या काठी स्तंभ उभारताना नावं तयार होती. स्तंभावर इंग्रजी आणि मराठीत मजकूर कोरला गेला. कंपनीच्या बाजूने मेलेल्यांच्या यादीत ४९ नावं आहेत आणि त्यातली २२ नावं शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार सैनिकांची. ज्या समाजाला स्वतःच्या गावात कुठल्या दगडावर नाव मिळणं अशक्य होतं, त्यांची नावं इथे अधिकाऱ्यांच्या बरोबरीने कोरली गेली. या स्तंभाचं आजचं महत्त्व या नावांमुळे आहे.

अरबांचा करार जमादाराशी होता. त्यामुळे सामान्य अरब शिपाई सरकारच्या लेखी टोळीतला एक आकडा होता. शिवाय ज्यांच्यासाठी ते लढले ते राज्यच पुढच्या पाच महिन्यांत संपलं. स्मारक उभारायला मागे कुणी उरलं नाही. तोफेभोवती एकमेकांवर पडलेल्या त्या माणसांपैकी एकाचंही नाव त्या जागेवर नाही.

मराठी राज्यांच्या नोकरीत आलेल्या काही युरोपियनांचं नशीब याहून बरं होतं. आयर्लंडचा विल्यम टोन पेशव्यांच्या नोकरीत होता. आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोन याचा हा भाऊ. १८०२ मध्ये होळकरांच्या बाजूने लढताना तो मारला गेला. पण त्याने पुण्यात असताना मराठ्यांच्या समाज आणि फौजेबद्दल लिहून ठेवलं होतं. ते छापलं गेलं, त्यामुळे टोन इतिहासाच्या पुस्तकांत आला.

आणि परक्या सैनिकाची आठवण राहण्याचा सगळ्यात अजब नमुना तर शिरूरमध्येच आहे. तिथल्या जुन्या युरोपियन दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. हा ७४ व्या हायलँडर पलटणीचा अधिकारी. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या विरोधात तो एका ब्रिगेडचं नेतृत्व करत होता. त्या लढाईत त्याच्या पलटणीची अक्षरशः चाळण झाली. पुढच्या वर्षी त्याने होळकरांकडून चांदवड घेतलं. नंतर तो शिरूरच्या तैनाती फौजेचा प्रमुख झाला आणि १८०९ मध्ये शिरूरलाच वारला.

पुढे शिरूरकरांनी या माणसाला 'सत्पुरुष' केलं. १८८५ मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. ब्राह्मण आणि मारवाडी वाणी सोडून शिरूर आणि आसपासच्या गावातले सगळे हिंदू वॉलेसच्या कबरीला मानतात, सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य दाखवतात, नवस बोलतात, असं तिथे लिहिलंय. मराठी फौजांशी लढलेला एक परदेशी कर्नल, आणि मराठी शेतकरी त्याच्या कबरीपुढे ज्वारी-बाजरी ठेवतोय! हे कसं झालं असेल? गावाला चांगला वाटलेला माणूस गावातच मेला की त्याचा देव करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात जात-धर्म-देश फारसा आडवा येत नाही. कबर समोर असेल तर दिवा लावता येतो. कोरेगावच्या अरबांची तीही सोय झाली नाही.

लढाईनंतर जिवंत राहिलेल्यांचं काय झालं?

कोरेगावनंतर बाजीरावाची पळापळ आणखी पाच महिने चालली. ३ जून १८१८ ला तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन आणि बिठूरला मुक्काम असं ठरलं. पण सोबतच्या अरबांचा पगार थकलेला होता. पेशवा आता इंग्रजांच्या छावणीसोबत उत्तरेला निघणार, मग आपले पैसे देणार कोण? चार-सहा दिवसांतच त्यांनी बाजीरावाच्या तंबूला गराडा घातला. शेवटी माल्कमने फौज उभी करून आणि बोलणी करून प्रकरण मिटवलं. बाजीरावाला त्याच्याच माणसांच्या तावडीतून सोडवलं ते ज्या इंग्रजांशी तो लढत होता त्यांनी.

त्याच सुमारास मालेगावच्या किल्ल्यात अरबांची एक तुकडी अडून बसली होती. लेफ्टनंट कर्नल मॅकडोवेलच्या फौजेने मे महिन्यात वेढा घातला. महिनाअखेरचा हल्ला साफ फसला. जूनमध्ये तोफगोळा पडून किल्ल्यातला दारूखाना उडाला आणि मग अरब खाली उतरले. तोवर इंग्रजांकडची दोनशेहून अधिक माणसं ठार किंवा जखमी झाली होती. शरण येताना अरबांनी लेखी हमी मागितली. ती मराठीत लिहून देण्यात आली आणि तिच्या शब्दांवरून नंतर वाद झाला. अधिकाऱ्यांच्या मनात होतं त्यापेक्षा कागदावर जास्त कबूल केलं गेलं होतं. शेवटी एल्फिन्स्टनने अरबांच्या फायद्याचा अर्थ मान्य केला. येमेनहून आलेली माणसं, स्कॉटिश-इंग्रज अधिकारी आणि मध्ये मराठीतला करारनामा. त्या काळचा महाराष्ट्र असा होता.

कंपनीला या लोकांची धास्ती होती. त्यामुळे जिंकलेल्या मुलखातून अरबांना हटवायचं आणि जमेल तितक्यांना समुद्रमार्गे परत पाठवायचं असं धोरण ठरलं. काही गेले. बरेच जण मात्र जवळच्या मोठ्या दरबारात, म्हणजे निजामाच्या हैदराबादला जाऊन नोकरीला लागले. तिथे जमादारांची पद्धत पुढे कित्येक दशकं टिकली. अरब बापाच्या आणि इथल्या आईच्या मुलांसाठी 'मुवल्लद' असा वेगळा शब्दही रुळला.

यातल्या एकाची कहाणी तर थेट राजवाड्यापर्यंत जाते. उमर बिन अवध अल-कुऐती हा शिबामच्या बाजूचा तरुण अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या फौजेत जमादार झाला. इथे कमावलेल्या पैशावर त्याच्या घराण्याने मायदेशात सत्ता उभी केली. अल-कुऐती सुलतानांनी मुकल्ला आणि शिहर या बंदरांसह हद्रमौतच्या मोठ्या भागावर राज्य केलं. ही सल्तनत १९६७ पर्यंत टिकली. दख्खनमधल्या शिपाईगिरीच्या पगारातून अरबस्तानात एक राज्य उभं राहिलं, असं म्हणायला हरकत नाही.

बाकीचे इथेच मिसळले. हैदराबादमधला बारकस हा भाग निजामाच्या अरब शिपायांच्या बराकींवरून ओळखला जाऊ लागला. आजही तिथे हद्रमी वंशाची कुटुंबं राहतात. निजामाच्या राज्यातला मराठवाडा १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि तिथली अरब वंशाची घरंही आपली झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, जालना या भागात 'चाऊस' आडनावाची माणसं भेटतात. अरब शिपायांच्या वंशजांना इथे याच नावाने ओळखतात. घरात दख्खनी, बाजारात मराठी, आणि लग्नात मरफा, म्हणजे येमेनहून आलेलं ढोल-ताशाचं वादन. हैदराबादच्या वरातींमध्ये तर मरफा आता सगळ्याच धर्मांच्या लोकांकडे वाजतो.